टाइपरायटरच्या मापाचं कॅबिनेट

बाई,

आज दुपारी दुकानात धसईकडचे एक गुरुजी आले होते. टीव्हीच्या फळीवर बसेल एवढंच कॅबिनेट पाहिजे म्हणाले, मोठं डबडं नको. मी सवयीप्रमाणे सुरुवात केली, की लहान कॅबिनेट घ्याल तर आतला मदरबोर्डही लहानच घ्यावा लागेल, विजेचा सप्लायही त्याच्याच मापाचा, पंखा तळहाताएवढा, आणि उद्या काही बिघडलं तर बाजारातला कुठलाही बोर्ड आणून त्यात बसवता यायचा नाही. हे भाषण मला तोंडपाठ आहे. शहापुरात जो कोणी माझ्याकडे लहान कॅबिनेट मागायला आला, त्याला मी हेच ऐकवून मोठं गळ्यात मारलेलं आहे. गिऱ्हाइकांना वाटतं, हिला मोठा माल खपवायचाय. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून सुतळीचा एक तुकडा काढला. त्याला मधोमध गाठ मारलेली होती. "या गाठीपर्यंत आमच्या फळीची रुंदी," ते म्हणाले, "यात बसंल तेच द्या." ती गाठ बघितली आणि मला तुम्ही आठवलात. मी त्यांना लहान कॅबिनेट काढून दिलं. संध्याकाळी घरी आले, पलंगाखालची पेटी ओढली आणि तुम्ही दिलेलं ते बांधलेलं पुडकं इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सोडलं. त्यात काय निघालं ते सांगायलाच लिहायला बसलेय, पण ते असं एकदम सांगता येत नाही. जरा मागून यावं लागेल.

मी तुमच्याकडे आले तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. आमच्या घरी भातशेती, आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून माझी बोटं जाड झालेली, आणि मुरबाडला तुमच्या ओटीवर त्या टाइपरायटरच्या रांगेत बसताना मला त्या बोटांचीच लाज वाटायची. तुमचा क्लास लांबून ऐकू यायचा. एष्टी स्टँडवरून वळलं की कौलांवर गारा पडाव्यात तसा आवाज. त्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे तुम्हाला कमी ऐकू येत होतं, हे आम्हा मुलींना पहिल्याच आठवड्यात कळलं. आम्ही कुजबुजत काहीही बोलायचो. पण तुम्ही कानांनी शिकवतच नव्हतात. तुम्ही रांगेतून फिरत आमच्या हातांकडे बघत राहायचात, आणि कोणाचं बोट कुठे चुकलं ते तुम्हाला कागद न बघता समजायचं. मी खाली कळांकडे बघितलं की माझ्या हातांवर फडकं पडायचं. "खाली काय बघतेस? अक्षरं कुठे पळून जाणार आहेत?" क्लासमध्ये तुम्ही असं शुद्ध बोलायचात.

क्लासचा नियम एकच. उठताना मशीनला नमस्कार करायचा, कव्हर घालायचं, मगच दाराबाहेर पाऊल. काळ्या रेग्झिनची कव्हरं, तुम्ही स्वतः शिवलेली, किनारीला लाल पट्टी. एकदा शेवटची गाडी चुकेल म्हणून मी कव्हर न घालताच पळाले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर माझ्या मशीनवर कौलांतून पडलेली माती आणि पालीची घाण, आणि तुम्ही ते तसंच ठेवलेलं, मला दिसावं म्हणून. सगळ्यांसमोर विचारलंत, "तुझ्या घरी शिजलेला भात उघडा टाकून झोपतात का?" त्या दिवशी मला टाइप करू दिलं नाहीत. रांगेतली सगळी मशिनं रॉकेलच्या फडक्याने पुसायला लावलीत. मी पुसत होते आणि रडत होते. क्लास सुटल्यावर तुम्ही मला हाताला धरून मागे स्वयंपाकघरात नेलंत, पाटावर बसवलंत, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पुढे ठेवलंत. "खा गो. रडतेस कशाला? त्या मशीनच्या अंगावर पाल हगली, ती नाय रडली." चुलीजवळ आलात की तुम्ही आमच्यासारखं बोलायचात. मला हसू आलं आणि घास घशात अडकला. त्या दिवसापासून आजपर्यंत मी कुठलंही मशीन उघडं टाकलेलं नाही.

त्याच स्वयंपाकघरात, पुढे कधीतरी, तुम्ही मला तुमची भीती सांगितलीत. तुमचे यजमान, काका, गेले तेव्हा तुमचं वय काही फार नव्हतं. मूलबाळ नाही. आटगावला एक पुतण्या होता, तो दर दिवाळीला येऊन म्हणायचा, काकू, एकट्या काय राहता, चला आमच्याकडे. "वाईट नाय तो," तुम्ही म्हणालात. "पन मशिनी चालू हायत तवर मी बाई हाय. लोक रस्त्यात थांबून नमस्कार करतात. क्लास बंद झाला का त्याच्या घरात मी कोन? कोपऱ्यात ठेवलेली एक म्हातारी." तव्यावरची भाकरी उलटताना तुम्ही हे इतक्या सहज बोललात, की मीही सहजच ऐकलं. तेव्हा मला वाटायचं, टायपिंग काय बंद व्हायचंय?

दोन हजार साल उलटलं आणि तुमच्या दारात मुलं येऊन विचारायला लागली, कॉम्प्युटर हाय का? नाही म्हटलं की तशीच परत. मी तोवर शहापुरात एका दुकानात कॉम्प्युटर जोडायला शिकले होते. एक दिवस तुम्ही एष्टीने थेट दुकानात आलात, पांढरी साडी, हातात पिशवी, आणि मालकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालात, "मला मशिनी निवडून दे. तू निवडशील त्या घेईन." पण अटी तुमच्याच. जमिनीवर काही ठेवायचं नाही, कारण पावसाळ्यात तुमच्या ओटीच्या लाद्यांतून पाणी पाझरायचं, ते मी स्वतः पुसलेलं होतं. टेबलं बदलायची नाहीत. टायपिंगची ती टेबलं अरुंद, त्यावर उभं मोठं कॅबिनेट ठेवलं तर मॉनिटरला जागा नाही. म्हणजे लहान, चपटं कॅबिनेट घ्यायचं, ते आडवं झोपवायचं आणि त्याच्या डोक्यावर मॉनिटर. मी एकदा म्हणून बघितलं, "बाई, मोठ्यात हवा चांगली खेळते." तुम्ही म्हणालात, "हवेला जागा देऊ, मग पोरी बसतील कुठं?" टेबलांकडे बघितल्यावर मलाही तुमचंच पटलं.

मुंबईच्या बाजारात आपण दोघी गेलो तो दिवस मी विसरायची नाही. तुम्ही टाइपरायटर वर्तमानपत्रावर ठेवून त्याच्या कडेने कात्री फिरवली होती, आणि तो कागद घडी घालून पर्समध्ये आणला होता. प्रत्येक दुकानात तुम्ही तो जमिनीवर पसरायचात आणि म्हणायचात, यावर ठेवा. एक दुकानदार मला हळूच म्हणाला, "आंटी पेपर पे रख के पूजा करेगी क्या?" तुम्हाला ऐकू गेलं नाही, आणि मी इतकी हसले की तुम्ही माझ्याकडे संशयाने बघितलंत. शेवटी एक चपटं कॅबिनेट त्या कागदावर बरोबर बसलं, कुठे बोटभरही बाहेर नाही. तुमचा चेहरा असा उजळला की त्या माणसाने स्टूल पुढे केलं. मग बोर्डाची निवड. मी मोठ्या मापाचा बोर्ड त्या कॅबिनेटवर धरून दाखवला, तो कडेने बाहेर आला. लहान मापाचा धरला, त्याची स्क्रूची भोकं खालच्या खुंट्यांवर नेमकी आली. लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्येही बसतो, मोठा लहानात बसत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत. "म्हंजे मोठ्या घरात लहान मानूस राहील, लहानात मोठा नाय." आणि मग विचारलंत, "पन एवढ्याशा जागेत त्याचा जीव नाय गुदमरनार?" मी कॅबिनेट फिरवून मागची बाजू दाखवली. म्हटलं, "ही बघा जाळी. पंखा गरम हवा इथून बाहेर टाकतो. जाळी मोकळी आहे तोवर काही होत नाही." तुम्ही त्या जाळीवरून बोट फिरवलंत.

दसऱ्याच्या आधी सगळी मशिनं मुरबाडला पोचली. टाइपरायटर भंगारवाल्याच्या टेम्पोत चढत होते तेव्हा तुम्ही बाहेर आला नाहीत. आत भांडी घासत बसलात, आणि ती आधीच घासलेली होती. दसऱ्याला तुम्ही प्रत्येक कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातलीत, नव्या भाताची लोंबी ठेवलीत, हळदकुंकू लावलंत. मी ओरडले, बाई, आत नका टाकू! मग तुम्ही नवी कव्हरं बाहेर काढलीत. मॉनिटर आणि कॅबिनेट दोन्ही झाकून पार टेबलापर्यंत येतील अशी, काळ्या रेग्झिनची, किनारीला तीच लाल पट्टी. प्रत्येक कव्हर असं बसलं की शिंप्याने माप घेऊन शिवावं. ओटी पुन्हा भरली. मुली पुन्हा तुमच्या नजरेखाली बसायला लागल्या, आणि त्या दिवाळीला पुतण्या आला तेव्हा तुम्ही त्याला चहा देऊन परत पाठवलंत.

मग उन्हाळा आला. तुमच्याकडून दुकानात फोन आला, "एक मशीन उठत नाय गो." मी आले, कॅबिनेट उघडलं, आणि जळका वास नाकात गेला. बोर्डावरचे ते कपॅसिटरचे छोटे छोटे डबे माथ्यावर फुगून आले होते. मला वाटलं, बोर्डच खराब निघाला. मग दुसरं गेलं, मग आणखी एक. तिसऱ्या वेळी मी बाजूला पडलेलं कव्हर सहज उलटं केलं. आतलं रेग्झिन मऊ पडून चकाकत होतं आणि त्यावर कॅबिनेटच्या मागच्या जाळीचा ठसा उमटला होता, अगदी स्पष्ट. 

काय होत होतं ते मला त्या ठशावरून समजलं. मुरबाडला भरदुपारी लाइट जायची. मुलींचा तास चालू असायचा, मॉनिटर काळे व्हायचे. तुम्ही म्हणायचात, झाका आणि जा. मुली शिस्तीने मॉनिटरचं बटण दाबायच्या, नमस्कार करायच्या, कव्हर घालायच्या. दिव्याचं आणि मशिनांचं भिंतीवरचं एकच मोठं बटण तुम्ही चालूच ठेवायचात, कारण ओटीवरचा दिवा लागला की आतून तुम्हाला कळायचं, लाइट आली. आणि लाइट आली की ती मशिनं आपोआप सुरू व्हायची. काळ्या रेग्झिनखाली, बंद ओटीवर, तापलेल्या कौलांखाली ती दुपारभर चालत राहायची. त्यांच्या लहानशा पंख्यांचा आवाज दुसऱ्या कोणीही ऐकला असता, तुम्हाला तो ऐकू येत नव्हता. मोठं कॅबिनेट असतं तर कदाचित तगलं असतं. कव्हर सैल असतं, तरी तगलं असतं. पण तुमचं काहीच सैल नसायचं. तुमच्या शिस्तीनेच ती मारली, बाई, आणि तुमच्यासारखी शिस्त मी जन्मात पाहिली नव्हती.

तुम्ही माझ्यासमोर उभ्या होतात. चुलीजवळ नव्हतात, भर ओटीवर होतात, तरी तुमच्या तोंडून घरचं बोलणं आलं. "माझं कायतरी चुकलं का गो?"

मी म्हटलं, "नाही बाई. लाइटचा झटका बसलाय. व्होल्टेज वरखाली होतं, तुमच्या लाइनलाच प्रॉब्लेम आहे."

"मी कायतरी करायला पायजे होतं का?"

"तुमच्या हातात काही नव्हतं."

हे बोलताना मी ते कव्हर सुलटं केलं, ठसा आत जाईल अशी त्याची घडी घातली आणि टेबलावर ठेवलं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नव्हतात, माझ्या हातांकडे बघत होतात. मला वाटलं, रडू आवरताय. म्हणून मी आणखी मोठ्याने वीज कंपनीला शिव्या घातल्या.  ज्या एका सवयीवर तुम्ही उभं आयुष्य काढलंत, तिच्यामुळेच क्लास बुडतोय, हे तुम्हाला सांगायची माझ्यात ताकद नव्हती. आजही नसती.

उरलेल्या मशिनांच्या आत मी तुमच्या नकळत एक सेटिंग बदलून ठेवलं, लाइट आल्यावर ती आपणहून सुरू होऊ नयेत असं. पण तीही आतून भाजून निघाली होती, मागोमाग तीही गेली. त्या मापाचे बोर्ड तोवर बाजारातून गेले होते. मिळत होते ते मोठे, आणि मोठा त्यात बसत नव्हता. मी सगळा बाजार पालथा घातला. एका दुकानात तर कॅबिनेटची कड कापून बोर्ड घालता येतो का तेही करून बघितलं. इकडे स्टँडजवळ नवा, काचेच्या दाराचा क्लास निघाला. तुमच्या मुली एकेक करून तिकडे गेल्या. जाताना नमस्कार करायला येत होत्या, हे तुम्ही मला कौतुकाने सांगितलंत. पावसाच्या आधी ओटी रिकामी झाली आणि पुतण्या टेम्पो घेऊन आला.

आटगावला मी येत राहिले. पुतण्या खरंच वाईट नव्हता. तुमची खाट त्यांनी गॅलरीत टाकली होती, वर पत्रा, एका बाजूला कपड्यांची दोरी. तुम्ही खाटेवर बसून मांडीवर बोटं चालवत असायचात, मला दिसायचं, काय टाइप करताय ते मात्र कळायचं नाही. रस्त्यात थांबून नमस्कार करणारं तिथे कोणी नव्हतं. पौषात, म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत एकदा आले तर पुतण्याची बायको दारातच कुरकुरली. "काकूंचं आता काय खरं नाय. माझी चांगली नवी मच्छरदाणी कापून ठेवली. विचारलं तर बोलत पण नायत." मला वाटलं, झालं, डोक्यावर परिणाम झाला. मला इतकं वाईट वाटलं की मी तुम्हाला काही विचारलंच नाही. निघताना तुम्ही खाटेखालून ते पुडकं काढलंत, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, नाडीने आवळून बांधलेलं. कडेने लाल पट्टी डोकावत होती. "घे. तुझ्या मशीनला घाल." ते कव्हर मला नको होतं. त्या ठशासकट ते मला आयुष्यभर बघायला लागेल असं वाटलं. तुम्ही माझा हात धरून ठेवलात आणि म्हणालात, "घालशील ना?" मी हो म्हटलं. पुढच्या पावसाच्या तोंडावर तुम्ही गेलात. मी पुडकं पेटीत ठेवून दिलं आणि पेटी पलंगाखाली ढकलली.

आज ते सोडलं. रेग्झिन कडेने तडकलंय, लाल पट्टी विटलीय. मी मन घट्ट करून मागची बाजू बघायला कव्हर उलटं केलं, तर मागची बाजूच नव्हती. जिथे ठसा असायचा तिथलं रेग्झिन तुम्ही नेमकं चौकोनात कापून काढलंत, आणि तिथे मच्छरदाणीची जाळी लावलीत, चारी बाजूंनी दुमडून, बारीक हातशिलाईने. एकही टाका वाकडा नाही. दोन्ही अंगांना, जिथे कॅबिनेटला हवेच्या फटी असतात, तिथेही छोट्या जाळ्या. गॅलरीत बसून, त्या म्हाताऱ्या डोळ्यांनी, कोणाला काही न सांगता तुम्ही हे शिवत होतात, आणि आम्ही सगळे तुम्हाला वेडी ठरवत होतो.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. त्याच दिवशी कळलं असणार, माझे हात घडी घालताना बघून. तुम्ही तोंडाने काही बोलला नाहीत. लाइटचा झटका म्हणून पुतण्याला सांगितलंत, शेजारणींना सांगितलंत, मलाही तेच ऐकवत राहिलात, म्हणजे मी तुमच्यासाठी जे बोलले ते खोटं पडू नये. मला वाटत होतं मी तुम्हाला सांभाळतेय. केवढं मोठं ओझं तुम्ही त्या खाटेवर एकटीने घेऊन बसला होतात, बाई, आणि मी दर महिन्याला येऊन तुमच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारून जात होते. मी एकदा जरी खरं बोलले असते, तर आपण दोघी बसून रडलो तरी असतो.

हे पत्र कुठे पाठवणार? मुरबाडच्या तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात, ओटीवर त्यांनी किराणा दुकान टाकलंय. म्हणून ते इथेच राहील. लिहून झालं की मी मशीन बंद करीन, भिंतीवरचं बटणही बंद करीन, आणि तुमचं कव्हर घालीन. माझं कॅबिनेट मोठं आहे, ते त्यात बसायचं नाही, पण अर्धं तरी झाकलं जाईल. एक मात्र कबूल करते. पत्र टाइप करतेय, आणि जाळीच्या त्या टाक्यांबद्दल लिहायला लागल्यापासून मी खाली कळांकडे बघून टाइप करतेय.